एआय आणि कम्प्युटर व्हिजनमध्ये प्राध्यापक व्हायचंय? मुंबईतल्या विद्यार्थ्यांसाठी टप्प्याटप्प्याने

मुंबईत इंजिनीअरिंग करणाऱ्या एखाद्या मुलीने ‘मला एआयमध्ये संशोधन करायचंय, पुढे प्राध्यापक व्हायचंय’ असं म्हटलं, की तिला दोनच सल्ले मिळतात: ‘आधी नोकरी कर, मग बघू’ किंवा ‘परदेशात जा’. दोन्ही वाटा वाईट नाहीत. पण इथे राहून प्राध्यापकीपर्यंत कसं पोहोचायचं, कोणत्या परीक्षा, किती पैसे, किती वर्षं, कुठे अडकायला होतं, हे एका जागी कुणी सांगत नाही. म्हणून हा लेख.

सुरुवातीलाच एक सांगतो, कारण पुढचा प्रत्येक टप्पा त्याच्याशी जोडलेला आहे. कम्प्युटर व्हिजन म्हणजे कम्प्युटरला फोटो आणि व्हिडिओ समजायला शिकवणं. या क्षेत्रात मॉडेलं, म्हणजे उदाहरणांवरून शिकवलेले प्रोग्राम, तीन-चार वर्षांत जुनी होतात आणि प्राध्यापकाची कारकीर्द तीस वर्षांची असते. त्यामुळे तुम्ही कोणतं मॉडेल शिकलात यापेक्षा कोणता प्रश्न हातात धरलात, याचा परिणाम कितीतरी जास्त होतो.

आधी कुठल्या शिडीवर चढायचंय ते ठरवा

मुंबईत प्राध्यापकीच्या दोन वेगळ्या शिड्या आहेत. त्यांचे नियम वेगळे, मोजमाप वेगळं आणि रोजचं आयुष्यही वेगळं.

पहिली शिडी राष्ट्रीय संस्थांची. पवईची आयआयटी १९५८ सालची. तिथे कम्प्युटर सायन्स आणि इलेक्ट्रिकल या दोन्ही विभागांत प्रतिमा आणि व्हिजनवर काम चालतं, शिवाय सेंटर फॉर मशीन इंटेलिजन्स अँड डेटा सायन्स हे स्वतंत्र केंद्र आहे. सिद्धांताकडे ओढा असेल तर कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतलं (टीआयएफआर) तंत्रज्ञान आणि संगणकशास्त्राचं स्कूल बघा. आयआयटीत प्राध्यापक व्हायला पीएचडी लागतेच. सहायक प्राध्यापक श्रेणी एकसाठी पीएचडीनंतर तीन वर्षांचा अनुभव मागतात आणि सातव्या वेतन आयोगानुसार मूळ वेतन १,०१,५०० रुपयांपासून सुरू होतं. सहयोगी प्राध्यापकाचं १,३९,६०० आणि प्राध्यापकाचं १,५९,१०० पासून. अनुभव कमी असेल तर श्रेणी दोनवर घेतात.

दुसरी शिडी विद्यापीठाची आणि कॉलेजांची: माटुंग्याचं १८८७ सालचं व्हीजेटीआय, अंधेरीचं एसपीआयटी, पार्ल्याचं डी. जे. संघवी, कलिन्याचे मुंबई विद्यापीठाचे विभाग, शिवाय सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालयं, जिथली भरती एमपीएससीमार्फत होते. तंत्रशिक्षणाचे नियम ठरवणाऱ्या एआयसीटीई या केंद्रीय परिषदेच्या २०१९ च्या नियमांनुसार अभियांत्रिकीत सहायक प्राध्यापक व्हायला बीई आणि एमई पुरतं, दोन्हींपैकी एकात प्रथम श्रेणी हवी. मूळ वेतन ५७,७०० पासून. सहयोगी प्राध्यापक व्हायला मात्र पीएचडी आणि आठ वर्षांचा अनुभव, त्यातली किमान दोन वर्षं पीएचडीनंतरची. प्राध्यापकपदासाठी दहा वर्षं, त्यातली तीन सहयोगी म्हणून. सायन्स कॉलेजात एमएससी करून शिकवायचं असेल तर नेट (देशपातळीवरची) किंवा सेट (राज्याची) ही पात्रता परीक्षा. महाराष्ट्राची सेट परीक्षा सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेतं आणि तिला वयाची अट नाही.

विनाअनुदानित कॉलेजात नेमणूकपत्र नीट वाचून घ्या. ‘वेतनश्रेणीनुसार’ असं लिहिलेलं आहे की ‘ठोक मानधन’, नेमणूक पूर्णवेळ आहे की तासिका तत्त्वावर, हे विचारायला लाजू नका. सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, अनेक वर्षं काढलेली, अभ्यासात उत्तम असलेली माणसं या शहरात आहेत. त्यांच्या वाट्याला आलेली अनिश्चितता ही त्यांची चूक नाही, पण पहिल्या दिवशी हे प्रश्न विचारले तर निदान डोळे उघडे ठेवून निर्णय घेता येतो.

आणि दुसऱ्या शिडीवरच जायचं ठरलं असलं, तरी संशोधन खरंच करायचं असेल तर पूर्णवेळ पीएचडी आधी करा. कॉलेजात रुजू झाल्यावर सहायक प्राध्यापकाला नियमाप्रमाणे आठवड्याला १६ तास शिकवायचं असतं. त्यावर नॅक आणि एनबीए या मूल्यांकनांच्या फायली, परीक्षा, पेपर तपासणी, प्रोजेक्ट गाइड करणं. संशोधनासाठी लागणारा सलग वेळ त्यात सापडत नाही. करणारे करतात, आणि त्यांच्याबद्दल मला फार आदर आहे. पण ती वाट अवघड आहे हे जाणूनच निवडा.

पदवीची चार वर्षं

गणितापासून सुरुवात करा. लिनिअर अल्जेब्रा, प्रॉबॅबिलिटी, ऑप्टिमायझेशन. इंजिनीअरिंगच्या मॅथ्सच्या पेपरांत आयगेनव्हॅल्यू काढून मार्क मिळवलेले असतात, पण त्याचा अर्थ काय हे बहुतेकांनी कधी बघितलेलं नसतं. ते पुन्हा शिका, या वेळी परीक्षा नाही असं समजून.

एक प्रयोग प्रत्येकाने करावा असं मला मनापासून वाटतं. बुद्धिबळाच्या पटासारखा काळा-पांढरा नक्षीकागद छापून पुठ्ठ्यावर सपाट चिकटवा. मोबाइलने वेगवेगळ्या कोनांतून त्याचे पंधरा-वीस फोटो काढा. आता ओपनसीव्ही या फुकट व्हिजन लायब्ररीचं तयार फंक्शन न वापरता कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन स्वतः लिहा: आधी प्रत्येक फोटोची होमोग्राफी (कागदावरचा बिंदू फोटोत कुठे पडतो हे सांगणारा मॅट्रिक्स) काढा, त्या सगळ्यांवरून कॅमेऱ्याचा आंतरिक मॅट्रिक्स, म्हणजे फोकल लेंथसारखी त्याची स्वतःची मापं. मग तुमचं उत्तर ओपनसीव्हीच्या उत्तराशी ताडून बघा. पहिल्यांदा बहुधा जुळणार नाही. पुठ्ठा किंचित वाकलेला असेल, सगळे फोटो एकाच बाजूने काढलेले असतील, किंवा फोनने मध्येच फोकस बदलला असेल. ती चूक शोधता शोधता प्रतिमा कशी बनते हे जितकं समजतं, तितकं तयार मॉडेल दहा वेळा चालवून समजत नाही.

अभ्यासासाठी पैसे लागत नाहीत. एनपीटीईएल या आयआयटींच्या ऑनलाइन कोर्सच्या संकेतस्थळावर आयआयटी हैदराबादच्या विनीत बालसुब्रमणियन यांचा डीप लर्निंग फॉर कम्प्युटर व्हिजन आणि आयआयटी मद्रासच्या मितेश खापरा यांचा डीप लर्निंग, हे दोन कोर्स फुकट आहेत. त्यानंतर एखादा चांगला पेपर घेऊन त्यातला एकच तक्ता स्वतः पुन्हा मिळवायचा प्रयत्न करा. सगळा पेपर नको, एक तक्ता पुरे.

गेट परीक्षेत २०२४ पासून डेटा सायन्स आणि एआयचा स्वतंत्र पेपर सुरू झाला आहे, तो किंवा कम्प्युटर सायन्सचा द्या. गुण तीन वर्षं चालतात. इलेक्ट्रॉनिक्स किंवा ईएक्सटीसीच्या (इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकम्युनिकेशन) मुलांनी आपण बाहेरचे आहोत असं मानू नये, सिग्नल प्रोसेसिंगची त्यांची तयारी व्हिजनमध्ये थेट उपयोगी पडते.

पदवीनंतर लगेच पीएचडीला जावं की नाही, अशी शंका असेल तर एखाद्या लॅबमध्ये वर्षभर प्रोजेक्ट स्टाफ म्हणून काम करा. अशा जागांच्या जाहिराती संस्थांच्या संकेतस्थळांवर येत असतात. संशोधनाचा खरा दिवस कसा असतो, पंधरा दिवस काहीच पुढे सरकत नाही तेव्हा आपलं काय होतं, हे तिथे कळतं. आयआयटी मुंबईत कम्प्युटर सायन्सचा तीन वर्षांचा रिसर्च असिस्टंट एमटेकही आहे, तोही हाच अंदाज घ्यायला चांगला.

पीएचडी

आधी पैशांचं बोलू, कारण घरचे तेच विचारणार आणि त्यांचं विचारणं रास्त आहे. १ जानेवारी २०२३ पासून केंद्राची जेआरएफ (ज्युनिअर रिसर्च फेलोशिप) महिन्याला ३७,००० आणि दोन वर्षांनी होणारी एसआरएफ (सीनिअर) ४२,००० रुपये आहे. पंतप्रधान संशोधन फेलोशिप २०१८ मध्ये सुरू झाली तेव्हा तिची रक्कम ७०,००० पासून ८०,००० पर्यंत ठेवली होती. पवईत वसतिगृह मिळालं तर ३७,००० मध्ये एकट्याचं भागतं. घरी पैसे पाठवायचे असतील तर ओढाताण होते, आणि हे आधीच घरच्यांशी बसून बोलून घ्यावं.

यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार चार वर्षांच्या पदवीला ७५ टक्के असतील तर थेट पीएचडीला प्रवेश घेता येतो. मुदत किमान तीन, कमाल सहा वर्षं. नोकरी करणाऱ्या शिक्षकांसाठी एआयसीटीईची क्वालिटी इम्प्रूव्हमेंट योजना आहे, आणि मुंबई विद्यापीठाची पेट ही पीएचडी प्रवेश परीक्षा देऊन मान्यताप्राप्त संशोधन केंद्रात नोंदणी करता येते.

गाइड निवडताना नावापेक्षा खुणा बघा. त्यांचे मागचे विद्यार्थी किती वर्षांत बाहेर पडले आणि आज कुठे आहेत? पेपरमध्ये पहिलं नाव विद्यार्थ्याचं असतं का? लॅबमधल्या तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या मुलांना कॅन्टीनमध्ये गाठा आणि विचारा: सरांची किंवा मॅडमची भेट आठवड्याला होते का, जीपीयू (मॉडेल शिकवायला लागणारे वेगवान प्रोसेसर) किती जणांत वाटून घ्यावे लागतात, पेपर नाकारला गेला तेव्हा ते कसे वागले? शेवटच्या प्रश्नाच्या उत्तरावरून गाइडबद्दल सगळ्यात जास्त कळतं.

आता प्रश्नाची निवड. २०१२ मध्ये अॅलेक्सनेट हे फोटो ओळखणारं मॉडेल आलं आणि हाताने फीचर, म्हणजे फोटोतल्या ओळखीच्या खुणा, रचण्याचं सगळं शास्त्र मागे पडलं. मग नवी मॉडेलं आली: २०१५ मध्ये रेसनेट, २०२० मध्ये व्हिजन ट्रान्सफॉर्मर. ज्यांची ओळख ‘अमुक फीचरचा तज्ज्ञ’ एवढीच होती त्यांना दर वेळी नव्याने सुरुवात करावी लागली. ज्यांच्याकडे प्रश्न होता ते पुढे गेले. आपल्या पवईतलंच उदाहरण घ्या. सुभाषिस चौधुरी १९९० मध्ये आयआयटी मुंबईत आले, फोटो किती धूसर आहे यावरून वस्तू किती दूर आहे हे कसं काढायचं यावर त्यांनी काम केलं, २००४ मध्ये भटनागर पुरस्कार मिळाला आणि पुढे ते संस्थेचे संचालक झाले. प्रतिमेवरून वस्तूचं अंतर काढणं हा प्रश्न आजही तितकाच जिवंत आहे, फक्त अवजारं बदलली.

मुंबई आणि महाराष्ट्राकडे असे प्रश्न भरपूर आहेत. मोडी लिपीचं बघा. एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या राज्य पुराभिलेखागारात आणि पुण्याच्या पेशवे दफ्तरात मोडीची प्रचंड दफ्तरं आहेत, आणि ती सराईतपणे वाचणारी माणसं थोडी. कम्प्युटरने छापील मजकूर वाचायची नेहमीची पद्धत अशी की आधी ओळ वेगळी करायची, मग शब्द, मग अक्षर. मोडीत लेखक आधी कागदभर आडवी रेघ ओढतो आणि बोरू फारसा न उचलता तिच्याखाली लिहीत जातो. शब्दांमध्ये जागा सोडायची पद्धत नाही, त्यामुळे दुसऱ्याच पायरीवर ही पद्धत कोसळते. शिवाय एकाच अक्षराची वळणं काळानुसार आणि लिहिणाऱ्यानुसार बदलतात. इथे ओळच्या ओळ एकदम वाचणारं मॉडेल लागतं, आणि मराठीची जाण असलेला संशोधक लागतो, कारण संदर्भाशिवाय वाचन ठरवताच येत नाही. हा प्रश्न कॅलिफोर्नियातलं कुणी आपल्यासाठी सोडवणार नाही.

दुसरा मोठा साठा दवाखान्यांचा. परळला टाटा मेमोरियल आणि केईएम, सायनला लोकमान्य टिळक रुग्णालय. छातीचा एक्स-रे वाचणारी क्युअर डॉट एआय ही कंपनी मुंबईचीच, २०१६ ची. या कामात उतरायचं असेल तर तीन गोष्टी आधी समजून घ्या. एक, संस्थेच्या नैतिकता समितीची परवानगी मिळायला महिने लागतात, म्हणून पहिल्या सत्रातच अर्ज करा. दोन, रुग्णाचं नाव फाइलच्या हेडरमधून काढलं म्हणजे काम झालं असं नाही. सोनोग्राफीत नाव आणि तारीख बरेचदा चित्रावरच उमटलेली असते, ती वेगळी पुसावी लागते. तीन, ट्रेनिंग (मॉडेलला शिकवायचा डेटा) आणि टेस्टची (तपासायचा डेटा) विभागणी फोटोनुसार न करता रुग्णानुसार करा. एकाच रुग्णाचे दोन एक्स-रे दोन्हीकडे गेले तर मॉडेल आजार न ओळखता माणूस ओळखतं, अचूकता छान दिसते, आणि दुसऱ्या दवाखान्यात नेलं की सगळं उघडं पडतं.

रस्त्यांचंही तसंच. परदेशी रस्त्यांवर शिकलेल्या मॉडेलला रिक्षा, हातगाडी आणि लेन न पाळणारी गर्दी उमजत नाही. आयआयआयटी हैदराबादच्या पुढाकाराने झालेल्या इंडिया ड्रायव्हिंग डेटासेटमध्ये भारतीय रस्त्यांची सुमारे १०,००० छायाचित्रं ३४ वर्गांत खुणा करून दिलेली आहेत. त्याच्या जोडीला काचेवरचा मुंबईचा पाऊस घेतला तर पीएचडीचा एक अध्याय सहज उभा राहतो. मात्र स्टेशनवर किंवा रस्त्यात माणसांचे चेहरे टिपणार असाल तर २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा वाचा आणि परवानगीशिवाय कॅमेरा लावू नका.

पेपर

आपल्या क्षेत्रात जर्नलपेक्षा परिषदांना मान जास्त आहे: सीव्हीपीआर, आयसीसीव्ही, ईसीसीव्ही, आणि मशीन लर्निंगच्या बाजूने न्यूरिप्स, आयसीएमएल, आयसीएलआर. आयसीसीव्ही विषम वर्षांत भरते, ईसीसीव्ही सम वर्षांत. भारतातली आयसीव्हीजीआयपी ही पहिल्या पेपरसाठी उत्तम जागा, तिथे देशातले सगळे लोक भेटतात आणि पुढची पोस्टडॉक (पीएचडीनंतरची तात्पुरती संशोधनाची जागा) किंवा नोकरी बरेचदा अशा भेटीतूनच सुरू होते.

सीव्हीपीआरचं वेळापत्रक भिंतीवर लावा. नोव्हेंबरच्या मध्याला पेपर द्यायचा, संदर्भ सोडून आठ पानं. जानेवारीत रिव्ह्यू येतात, उत्तरासाठी एकच पान मिळतं, फेब्रुवारीअखेर निकाल. डेडलाइन पॅसिफिक वेळेनुसार रात्री ११:५९ ची असेल तर नोव्हेंबरात आपल्याकडे ती दुसऱ्या दिवशी दुपारी १:२९ ला पडते. त्या सकाळी लोकलने प्रवास करायची वेळ येऊ देऊ नका, आदल्या संध्याकाळीच एक पूर्ण प्रत चढवून ठेवा.

२०२४ च्या सीव्हीपीआरला ११,५३२ पेपर आले आणि २,७१९ स्वीकारले गेले. म्हणजे चारातले तीन नाकारले जातात, त्यात चांगलेही असतात. नकार आला की दोन दिवस रिव्ह्यू उघडू नका. मग वाचा आणि प्रत्येक आक्षेपासमोर लिहा: हा प्रयोगाने सुटणारा आहे की लिखाणाने? बहुतेक आक्षेप लिखाणाचे निघतात. त्यासाठी प्रस्तावना पुन्हा लिहावी लागते, नवं मॉडेल बांधावं लागत नाही.

कॉलेजच्या शिडीवर असाल तर इथे एक गोची आहे. बढतीच्या वेळी तिथे जर्नलमधले लेख मोजतात. यूजीसीने मान्य जर्नलांची केअर यादी २०२५ मध्ये बंद केली, त्यामुळे आता निकष संस्थेगणिक वेगळे. उपाय असा: आधी काम परिषदेत मांडा, मग नवे प्रयोग जोडून विस्तारित रूप चांगल्या जर्नलला पाठवा. पैसे घेऊन आठवड्यात छापणाऱ्यांकडे फिरकू नका. मुलाखतीत जाणकार सदस्य समोर बसला असेल तर असे पाच लेख एका चांगल्या पेपरलाही झाकून टाकतात.

पीएचडीनंतर आणि नोकरीचा अर्ज

एक ते तीन वर्षांची पोस्टडॉक करा, शक्यतो गाइडपासून दूर आणि विषयाच्या शेजारच्या गल्लीत. ती वर्षं आयआयटीच्या तीन वर्षांच्या अटीत धरली जातात, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे तुमचं काम गाइडच्या सावलीतून बाहेर येतं.

अर्जात संशोधनाचं निवेदन, शिकवण्याचं निवेदन आणि शिफारस देणाऱ्यांची नावं असतात. संशोधनाच्या निवेदनात मागच्या पेपरांची जंत्री नको, पुढच्या पाच वर्षांत कोणता प्रश्न, कोणत्या विद्यार्थ्यांसोबत, कोणत्या डेटावर, हे लिहा. आयआयटी मुंबईत अर्ज वर्षभर घेतले जातात. विभागासमोरच्या व्याख्यानाला दुसऱ्या विषयांचे लोकही बसलेले असतात, त्यांना पहिली दहा मिनिटं पूर्ण समजली पाहिजेत. विद्यापीठ आणि अनुदानित कॉलेजांच्या जाहिराती मात्र बिंदुनामावलीनुसार (आरक्षणाप्रमाणे जागा ठरवणारी यादी) कधीतरी निघतात आणि मुदत थोडी असते. गुणपत्रिका, अनुभवाचे दाखले, जातपडताळणी लागू असेल तर ती, पीएचडीचं नोटिफिकेशन, सध्याच्या नोकरीची एनओसी, हे सगळं स्कॅन करून तयार ठेवा. एका दाखल्यावर सही राहिली म्हणून चांगला उमेदवार मागे पडतो, तेव्हा फार वाईट वाटतं.

पहिली तीन वर्षं

रुजू झाल्यावर संस्थेचा प्रारंभिक निधी मागा आणि त्याच वर्षी राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानाकडे, म्हणजे एसईआरबी या आधीच्या केंद्रीय संशोधन-निधी मंडळाच्या जागी आलेल्या एएनआरएफकडे, नव्या प्राध्यापकांसाठीच्या अनुदानाचा अर्ज करा. मार्च २०२४ मध्ये १०,३७२ कोटींच्या केंद्राच्या इंडियाएआय मिशनला मंजुरी मिळाली, त्यातून सवलतीत जीपीयू मिळण्याची सोय आहे. लहान कॉलेजातल्या संशोधकांनी तिचा आवर्जून फायदा घ्यावा. स्वतः जीपीयू विकत घेणार असाल तर कोटेशनमध्ये यूपीएस आणि एसीही धरा. मुंबईच्या मे महिन्यात बंद खोलीतला सर्व्हर एसीशिवाय टिकत नाही, आणि मंजूर रकमेत नंतर भर घालता येत नाही.

पहिला पीएचडी विद्यार्थी घेताना घाई करू नका. गेटचे गुण बघा, पण त्याला किंवा तिला एक छोटं काम देऊन दोन आठवड्यांनी बोलवा. काम पूर्ण झालंय का यापेक्षा, अडलं तिथे काय करून बघितलं हे विचारा. मग त्या विद्यार्थ्याला दर आठवड्याचा एक ठरलेला तास द्या, आणि तुमच्या वेळापत्रकात तो तास विभागप्रमुखांच्या मीटिंगइतकाच पक्का लिहा.